वापरलेलं आयपीए: ओतायचं नाही, आणि चुलीजवळही आणायचं नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या मांडणीचं हे लेखी रूप. सभेत ताईंनी विचारलेले प्रश्नही शेवटी दिले आहेत.)



हप्त्यांचा हिशेब झाला, ऑडिटचं वाचन झालं, आता सगळ्यांचं लक्ष चहाकडे आहे. तो येईपर्यंतचा आणि आल्यानंतरचाही थोडा वेळ मला द्या. विषय आहे रेझिन प्रिंटरच्या युनिटमध्ये नग धुवायला लागतं ते आयपीए, आणि वापरून झाल्यावर त्याचं काय करायचं.

आपल्या प्रभागात हे मशीन दोनच गटांकडे आहे. बाकीच्या म्हणतील, मग आम्हाला कशाला बसवून ठेवलंय? तर तुमचा संबंध दोन ठिकाणी येतो. या युनिटला समुदाय गुंतवणूक निधीतून कर्ज आपणच सगळ्यांनी हात वर करून दिलंय. कच्च्या मालाचा खर्च वाढला की पहिला फटका हप्त्याला बसतो, आणि तो हप्ता वेळेवर आला तरच पुढच्या गटाला कर्ज मिळतं. दुसरं म्हणजे पाणी. वापरलेलं आयपीए गटारीत ओतलं तर ते शेवटी ओढ्यात, विहिरीत, गुरांच्या हौदात जातं. तिथे मशीनवाला गट आणि बिनमशीनवाला गट असा फरक राहत नाही.

ज्यांनी मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मशीनच्या ट्रेमध्ये मधासारखं दाट, चिकट रेझिन असतं. त्यावर खालून एक जांभळट प्रकाश पडतो. जिथे प्रकाश पडला तेवढंच रेझिन घट्ट होतं, बाकीचं पातळ राहतं. असा एकेक थर चढत नग तयार होतो. थर किती बारीक, तर साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला २० थर. म्हणून ठुशीच्या मण्यावरची नक्षीसुद्धा स्वच्छ उमटते. आपल्या गटांना सराफांकडून दागिन्यांच्या नमुन्यांचं जे काम मिळतं ते यामुळेच. सराफ तो नमुना प्लास्टरमध्ये पुरतो, भट्टीत जाळून टाकतो आणि राहिलेल्या पोकळीत चांदी ओततो.

आता अडचण अशी की मशीनमधून नग निघतो तेव्हा त्याच्या अंगावर कच्चं रेझिन चिकटलेलं असतं. ते धुतलं नाही तर नक्षी बुजते आणि नग चिकट राहतो. ते पाण्याने जात नाही. त्याला आयपीए लागतं. पूर्ण नाव आयसोप्रोपिल अल्कोहोल. रेझिन त्यात विरघळतं आणि नग स्वच्छ होतो. पण विरघळलेलं रेझिन जातं कुठे? ते त्याच डब्यात राहतं. आठ-दहा वेळा धुणं झालं की आयपीए गढूळ होतं, नगावर चिकट पापुद्रा राहायला लागतो, आणि मग ताई म्हणतात, "हे मेलं, नवीन आणा."

ते मेलेलं नसतं. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

त्याआधी नावाबद्दल बोलू. दोन्ही युनिटमध्ये याला कुणी "स्पिरिट" म्हणतं, कुणी गमतीने "दारू". दारूबंदीसाठी मोर्चा काढलेल्या आपण बायका, आणि आपल्याच खोलीत दारूचे कॅन, म्हणून हसूही होतं. पण मला ते नाव अजिबात नको आहे. आपल्यातल्या किती घरांत पिणारं माणूस आहे हे मी इथे विचारणार नाही, तुम्हाला माहीत आहे. ज्याला सवय लागली आहे त्याने कॅनवर "अल्कोहोल" शब्द वाचला, किंवा घरात "दारू आणली का" असं ऐकलं, तर तो झाकण उघडायला मागेपुढे बघणार नाही. आयपीए पिण्याचं अल्कोहोल नाही, ते विष आहे. पोटात गेलं तर माणूस बेशुद्ध पडतो, श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो. आणि वापरलेल्या आयपीएत वरून रेझिनही आहे. म्हणून कॅनवर मोठ्या अक्षरात "विष – आग लागते" असं लिहायचं, कवटीचं चित्र काढायचं आणि कॅन कुलपात ठेवायचा. बोलताना फक्त "आयपीए" म्हणायचं. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला लावायची नाही, कॅन सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा.

आता बचतीकडे येते. सगळ्यात मोठी बचत धुण्याच्या आधीच होते. भजी कढईतून काढली की आपण झाऱ्यावर धरून तेल निथळू देतो, लगेच ताटात टाकत नाही. नगाचंही तसंच. मशीन थांबलं की नग लगेच आयपीएत बुडवायचे नाहीत. प्लेट तिरकी करून दहा-पंधरा मिनिटं ट्रेवरच निथळू द्यायची. थेंब थेंब रेझिन परत ट्रेत पडतं, तेच पुढच्या नगाला वापरता येतं. खाचांत राहिलेलं मऊ ब्रशने ओढून घ्यायचं. रेझिन आयपीएपेक्षा बरंच महाग आहे, आणि जे रेझिन आयपीएत गेलंच नाही ते नंतर काढत बसावं लागत नाही. मात्र हे करताना खोलीत उन्हाचा कवडसा नको, नाहीतर निथळणारं रेझिन नगावरच घट्ट होऊन नक्षी खराब करतं.

दुसरी गोष्ट, दोन डबे. मळके कपडे आपण आधी एका पाण्यातून काढतो आणि मग स्वच्छ पाण्यात खळबळतो. एकाच बादलीत सगळं करत नाही. इथेही पहिल्या डब्यात जुनं आयपीए, दुसऱ्यात स्वच्छ. नव्वद टक्के घाण पहिल्यातच निघते असं धरून चाला, आणि दुसरा डबा त्यामुळे खूप दिवस टिकतो. पहिला डबा अगदी गढूळ झाला की तो उन्हाच्या कामाला काढायचा, दुसऱ्या डब्यातलं पहिल्यात ओतायचं आणि दुसऱ्यात नवीन भरायचं. अशी खांदेपालट चालू ठेवायची. एक लक्षात ठेवा, नग तासन्‌तास भिजत घालायचे नाहीत. काही मिनिटं पुरतात. जास्त भिजले की नग मऊ पडतात, कडा तडकतात.

आता ऊन. गढूळ आयपीएतलं रेझिन अजूनही कच्चंच आहे, म्हणजे त्यावर प्रकाश पडला की ते घट्ट होणार. मशीनमधला प्रकाश जे काम करतो तेच काम उन्हातला अतिनील प्रकाश करतो. तो आपल्याकडे फुकट आहे आणि भरपूर आहे. गढूळ आयपीए पारदर्शक बरणीत भरून उन्हात ठेवलं की त्यातलं रेझिन हळूहळू आकसून कण धरतं, गोळे होतात आणि तळाला बसतात. दूध फाटलं की चोथा वेगळा आणि पाणी वेगळं होतं ना, दिसायला अगदी तसंच. एका काकूंनी बरणी बघून विचारलं, "यात लिंबू पिळलं का?"

बरणी कशी असावी? काचेची, रुंद तोंडाची, लोणच्याची असते तशी. पण एकदा ती या कामाला घेतली की पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही, कितीही घासली तरी. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटल्यांत कधीही भरायचं नाही. उन्हातून दमून आलेलं पोर बाटली तोंडाला लावतं तेव्हा वास घेत बसत नाही.

बरणी पाऊणच भरायची, एक चतुर्थांश जागा रिकामी. उन्हाने आतली वाफ वाढते, काठोकाठ भरून झाकण आवळलं तर दाब तयार होतो. झाकण लावायचं, पण ठासून नाही. उघडी बरणी तर ठेवूच नका. तसं केलं तर आयपीए उडून जाईल, म्हणजे जे वाचवायला बसलो तेच हवेत, आणि ती हवा पेट घेणारी. एका वेळी एक-दोन लिटरच काढा. पाच लिटरचा कॅन उन्हात मांडायचा नाही.

उन्हाची वेळ हाही महत्त्वाचा भाग आहे. आपल्याला त्यातला उजेड हवा आहे, उष्णता नको. सकाळी आठ ते अकराचं ऊन चांगलं. मार्चपासून मेपर्यंत आपल्याकडे दुपारी पत्रा तापतो, अंगणातली फरशी पायाला भाजते, तेव्हा बरणी सावलीत आणायची. पत्र्यावर तर कोणत्याच महिन्यात ठेवू नका. रेझिन घट्ट होताना स्वतःही थोडी उष्णता सोडतं, वरून पत्रा तापलेला, कशाला परीक्षा घ्यायची? गढूळ आयपीएतून प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून मधूनमधून बरणी हळूच फिरवायची, म्हणजे आतलं वर येतं. फार गढूळ असेल तर एका दिवसात होत नाही, दोन-तीन दिवस सकाळचं ऊन द्यावं लागतं. पावसाळ्यात ढगाळ दिवसात वेळ आणखी वाढतो. ज्या गटाकडे नग पक्के करायचा अतिनील दिवा आहे त्यांना मोह होईल की बरणी त्याच पेटीत ठेवू. ठेवू नका. ती पेटी कोरड्या नगांसाठी आहे. त्यात वीज आहे, पंखा आहे, आणि वाफ कोंडली तर एक ठिणगी पुरते.

कण तळाला बसायला लागले की बरणी रात्रभर सावलीत न हलवता ठेवायची. तुरटी फिरवलेलं पाणी आपण निवळू देतो, तसं. सकाळी वरचं निवळ हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतायचं, आधी जुन्या सुती कापडाच्या चार पदरांतून, नंतर गाळणी कागदातून. घाई करून तळ ढवळला तर सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

निघालेलं आयपीए दिसायला स्वच्छ असतं, कधी रेझिनच्या रंगाची थोडी झाक राहते. ते नवीनसारखं झालं का? नाही. सगळं रेझिन उन्हाने निघत नाही, थोडं विरघळलेलं राहतंच. म्हणून हे आयपीए पहिल्या डब्यात वापरायचं, शेवटची धुलाई नव्या आयपीएनेच. इतकं पाळलं तर नगाच्या दर्जात फरक पडत नाही आणि सराफाची तक्रार येत नाही. नव्याच्या जागी हेच दोन्ही डब्यांत वापरून पैसे वाचवायला जाल तर नग चिकट निघतील, नमुना परत येईल, आणि एका परत आलेल्या नमुन्याचं नुकसान दोन लिटर आयपीएपेक्षा जास्त असतं.

चाचणी सोपी आहे. स्वच्छ काचेच्या तुकड्यावर गाळलेल्या आयपीएचे चार-पाच थेंब टाका आणि हवेशीर जागी उडू द्या. काच कोरडी, स्वच्छ राहिली तर उत्तम. काचेवर पापुद्रा दिसला, हातमोजा घातलेल्या बोटाला चिकटपणा लागला, तर अजून रेझिन आहे, बरणी परत उन्हात. पांढरा डाग राहत असेल तर पाणी मिसळलं आहे का बघा. ओले नग, धुतलेले पण न वाळवलेले डबे, यातून पाणी शिरतं.

डेअरीवर दूध घालणाऱ्या ताईंना लॅक्टोमीटर माहीत आहे. तसंच इथे घनता मोजता येते का, असं एकीने विचारलं होतं. प्रश्न छान होता. मोजता येते. शुद्ध आयपीएची घनता ०.७८५ च्या आसपास असते, पाण्याची १. रेझिन पाण्याहूनही जड, त्यामुळे आयपीएत रेझिन जितकं जास्त तितका आकडा वर सरकतो. पण दुधाचं लॅक्टोमीटर इथे सरळ बुडेल, कारण आयपीए पाण्यापेक्षा हलकं आहे. हलक्या द्रवांसाठीचं वेगळं घनतामापक प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. फक्त पाणी मिसळलं तरी आकडा वर जातो, म्हणून आकड्यासोबत काचेची चाचणीही करायची. उन्हाळ्यात द्रव पसरतो, घनता थोडी कमी दिसते, तेव्हा रोज एकाच वेळी, सावलीत मोजा.

पैशाचा अंदाज तुमच्याच वहीतून काढा. समजा गटाला महिन्याला १० लिटर आयपीए लागतं आणि भाव लिटरला २५० रुपये आहे, तर खर्च २,५०० रुपये. निथळणं, दोन डबे आणि ऊन यांतून निम्मं वाचलं तर १,२५० रुपये. वर्षाचे १५,०००. हे उदाहरण आहे, तुमचा भाव आणि तुमचे लिटर घालून करून बघा. अध्यक्षताईंनी मला आधीच बजावलंय की आकडे सांगून लोकांना हवेत उडवायचं नाही, म्हणून हेही सांगते की यातून हातमोजे, गाळणी कागद आणि बरण्यांचा खर्च वजा करायचा आहे.

हे सगळं कुठे करायचं, हा माझ्या मते आजचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. दोन्ही युनिट घरात आहेत. एका ठिकाणी धुण्याचं टेबल आणि गॅसची शेगडी यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. आयपीएचा ज्वलनांक १२ अंश आहे. म्हणजे १२ अंशांच्या वर ते इतकी वाफ सोडतं की ठिणगी मिळाली तर पेट घेईल. आपल्याकडे १२ अंशांच्या खाली पारा कधी जातो? थंडीत एखाद्या पहाटे. म्हणजे वर्षभर, दिवसभर ते पेटायला तयार आहे. आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जवळजवळ दुप्पट. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत पसरते. चूल जमिनीवर, देवघरातलं निरांजन खाली, मच्छर अगरबत्ती कोपऱ्यात खाली, शेजारी बसलेल्या भाऊंची बिडीसुद्धा खालीच. म्हणून नाकाला वास येत नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका.

माझा आग्रह आहे की धुण्याचं काम पडवीत किंवा वेगळ्या खोलीत हलवावं, जिथून चूल दिसतच नाही. दार-खिडकी समोरासमोर उघडी. शेजारी वाळूची बादली आणि डब्याच्या मापाचं धातूचं झाकण. डबा पेटला तर पळत नेऊन बाहेर फेकायचा नाही, तेव्हाच तो अंगावर सांडतो. झाकण सरकवून ठेवायचं, हवा तुटली की आग विझते. सांडलेलं पेटलं तर वाळू. खोलीत पाच लिटरपेक्षा जास्त साठा नको. आणि कॅन एसटीतून आणायचा नाही. पेटणाऱ्या वस्तू एसटीत चालत नाहीत आणि तो नियम योग्यच आहे. पुरवठादाराकडून पोहोच मागवा, दोन्ही गटांनी मिळून मागवलं तर भाडंही परवडेल. मागवताना त्याचं सुरक्षा माहितीपत्रक मागायचं. तो देतो, पण मागितल्याशिवाय देत नाही.

आता हातांबद्दल. हे मला जरा सविस्तर बोलायचंय. दोन्ही युनिटमध्ये मी बघितलं, संगणकावर डिझाइन बसवणारी ताई वेगळी, मशीन चालवणारी वेगळी, आणि धुण्याचं काम शेवटी जिच्याकडे स्मार्टफोन नाही, जी कमी शिकलेली आहे, तिच्याकडे. तिला मजुरीही कमी. आणि कच्च्या रेझिनशी सगळ्यात जास्त संबंध तिच्याच हाताचा. कच्च्या रेझिनमध्ये अ‍ॅक्रिलेट असतात. त्यांची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते: खाज, पुरळ, बोटांना भेगा. दातांच्या दवाखान्यात आणि जेल नेलपॉलिशच्या पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना हीच अ‍ॅलर्जी होते. एकदा झाली की ती सहसा जात नाही. पुढे थोडा स्पर्श झाला तरी पुन्हा उठते. म्हणजे त्या बाईच्या हातचं हे काम कायमचं जातं, आणि जाताना तिला सांगितलं जातं, तुझीच त्वचा नाजूक.

म्हणून नायट्राइलचे हातमोजे, निळे असतात ते. भांडी घासायचे रबरी किंवा पांढरे पातळ मोजे चालत नाहीत, त्यातून रेझिन आत झिरपतं. नायट्राइलचेही एकदा रेझिन सांडलं की बदलायचे, धुऊन वाळत घालायचे नाहीत. काचेच्या बांगड्यांनी मनगटाशी मोजा फाटतो, तेव्हा कामाच्या वेळी बांगड्या वर सरकवून बाही लावा, काढायच्या की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. डोळ्यांना चष्मा. हाताला रेझिन लागलं तर आयपीएने पुसायचं नाही, त्याने ते पातळ होऊन आणखी पसरतं आणि कातडीत मुरतं. आधी कोरड्या कागदाने टिपायचं, मग साबण आणि भरपूर गार पाणी, आणि ऊन लागू द्यायचं नाही. मोज्यांचा खर्च गटाच्या खात्यातून, धुणाऱ्या ताईच्या मजुरीतून नाही. आणि धुण्याची पाळी लावा. सगळ्यांनी आठवड्यातून एकेक दिवस. मजुरी सगळ्या कामांना सारखी. यावर मागच्या बैठकीत कुरबुर झाली, मला माहीत आहे. पण जिचं काम सगळ्यात धोक्याचं तिला सगळ्यात कमी पैसे, हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा.

तळाला राहिलेला चोथा आणि गाळलेलं कापड यांचं काय? ते ट्रेमध्ये पसरून उघड्या, वाऱ्याच्या जागी पूर्ण वाळू द्यायचं, मग कडक उन्हात ठेवायचं. दाबलं तर कडक, कोरडं, बिनवासाचं झालं पाहिजे. मधे ओलं लागलं तर मोडून परत पसरायचं. पक्कं झालं की ते प्लास्टिकसारखं होतं, पिशवीत बांधून वेगळ्या डब्यात. चुलीत, बंबात घालायचं नाही, त्याचा धूर घातक. उकिरड्यावर टाकायचं नाही, ते खतातून शेतात जातं.

आणि चार-पाच वेळा ऊन देऊनही ज्याची काच स्वच्छ येत नाही, ते आयपीए खरंच संपलं. तेही ओतायचं नाही. वापरलेली द्रावकं २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत येतात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत. एका गटाचे दोन लिटर घ्यायला तिथून कुणी येणार नाही हे उघड आहे. म्हणून प्रस्ताव असा की दोन्ही गटांनी मेलेलं आयपीए खूण केलेल्या कॅनमध्ये साठवावं, आणि ते प्रभागसंघाच्या नावाने एकत्र देण्यासाठी आपण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पत्र लिहावं. पत्राचा मसुदा मी करते, सही अध्यक्ष आणि सचिवताईंची.

सभेतले प्रश्न

"हातभट्टीसारखं उकळून, वाफ थंड करून धरली तर एकदम शुद्ध निघेल की. मोबाइलवर कुकरचा व्हिडिओ आहे."

बरोबर, तत्त्व तेच आहे. आयपीए ८२ अंशांच्या आसपास उकळतं, रेझिन मागे राहतं. कारखान्यांत बंद यंत्रात असंच करतात. पण घरात कुकरवर करायचं म्हणजे पेटणारी वाफ आणि खाली शेगडी. नळी निसटली, शिट्टी तुंबली, की स्फोट. तळाशी राहिलेलं रेझिन तापून अचानक घट्ट होऊ शकतं ते वेगळंच. विजेच्या शेगडीवर केलं तरी नाही. या एका गोष्टीत गटाने मतदान घेऊ नये, सरळ नाही म्हणावं.

"पाण्याने धुता येणारं रेझिन मिळतं म्हणे. मग ही कटकटच नको."

मिळतं. आगीचा धोका त्यात खरंच कमी होतो, आणि घरातच काम करावं लागत असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण धुतलेल्या पाण्यात तेच कच्चं रेझिन असतं आणि ते मासे, बेडूक, पाण्यातल्या जिवांना तितकंच घातक. ते पाणीही उन्हात ठेवून, कण बसवून, गाळूनच हाताळायचं. मोरीत ओतता येत नाही. सराफाच्या कामाला जे जळून जाणारं रेझिन लागतं ते पाण्याने धुता येतं का, हे खरेदीआधी पुरवठादाराला विचारा.

"सॅनिटायझर उरलंय कोरोनातलं, ते चालेल का?"

नाही. त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं, जेल असेल तर आणखी काही. नग पांढरा पडेल.

"उन्हात ठेवलेल्या बरणीला शेजारची पोरं हात लावतात."

म्हणून बरणी अंगणात नको. एका युनिटच्या मागे जाळीचा कोंबड्यांचा रिकामा खुराडा आहे. त्याला कुलूप लागतं, ऊन येतं, वारा येतो, चूल लांब आहे. मी सचिवताईंशी बोलले, तो साफ करून वापरायचं ठरलंय. दुसऱ्या गटाने तसंच काहीतरी शोधा, जाळीची पेटी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली तरी चालेल.

पुढच्या सभेला दोन्ही गटांनी वेगळी वही आणायची आहे. किती लिटर नवीन आणलं, किती उन्हात ठेवलं, किती परत मिळालं, किती मेलं, आणि त्या महिन्यात धुण्याची पाळी कुणाकुणाची झाली, असे पाच रकाने. नायट्राइल मोज्यांचे दोन खोके प्रभागसंघाच्या कार्यालयात आले आहेत, एक मध्यम मापाचा, एक मोठ्या. आज जाताना घेऊन जा, सही रजिस्टरवर करा.